पातळ बर्फाची पाटी

"मग काय आर्विड, यंदा स्केटिंगला कुठे जाताय तुम्ही?"

ड्वेनने कॉफीत बिस्किट बुडवता बुडवता सहज विचारलं आणि आर्विड टॉर्गर्सनला असा ठसका लागला की कॉफी नाकात गेली. त्याच्या बायकोने, लव्हॉनने, त्याच्या पाठीवर दोन सणसणीत थापा मारल्या आणि आपल्या भावाला म्हणाली, "त्याला जरा गिळू दे रे आधी."

मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये डिसेंबर लागला की हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारतो. किराणा दुकानात विचारतात, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना विचारतात, चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना तर विचारतातच. कोणी सांगतं, बागेतल्या रिंकवर, तिथे गाणी लावतात. कोणी सांगतं, मोठ्या तळ्यावर, तिथे शेकायला खोली आहे. ऐकणारा "हो का" म्हणतो आणि विसरून जातो. पण आर्विडला मात्र मेव्हण्याने थेट बँकेच्या लॉकरची किल्ली मागितल्यासारखं वाटलं.

"अजून काही ठरलं नाही," तो नाक पुसत म्हणाला.

"ठरलं नाही? लेका, दरवर्षी सगळ्यांच्या आधी बर्फावर तू असतोस."

"यंदा बर्फ बरोबर नाही."

"बर्फ बरोबर नाही? पंधरा दिवस पारा वर यायचं नाव घेत नाहीये. नाकातले केस गोठतायत माणसाचे!"

ड्वेन गेला तरी आर्विड खिडकीचा पडदा बाजूला करून त्याची गाडी वळेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "याला कशाला हव्यात चौकशा?"

"कसल्या?"

"आपण कुठे जातो त्याच्या."

"अरे, बोलायचं म्हणून विचारलं त्याने. तुझ्या दाढेबद्दलही विचारलंच की."

"तेही कशाला विचारलं?"

आर्विड मुळातच असा होता. पोस्टमन हसून बोलला तर याने पत्र उघडून वाचलेलं दिसतं, असं समजणारा. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या तळघरांतल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि "आम्ही हातसुद्धा लावला नाही हो, आपोआप बंद पडली" हे वाक्य इतक्या भल्याभल्यांच्या तोंडून ऐकलं की माणूस या प्राण्यावरचा त्याचा विश्वास पार उडाला होता.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती, पण यंदा कारण खरंच गंभीर होतं. एप्रिलमध्ये लव्हॉनचा गुडघा बदलला. लव्हॉन बर्फावर उतरली की बघत राहावं अशी बाई. साठी उलटली तरी उलट्या पावली सरकत जायची आणि मनात येईल तिथे गिरकी घ्यायची. डॉक्टर म्हणाले होते, खुशाल जा. पण ती काही जाईना. एक दिवस वारा जास्त होता, दुसऱ्या दिवशी मोजे सापडत नव्हते, तिसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये काहीतरी होतं. शेवटी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "मला लोकांसमोर पडायचं नाही, आर्विड. सगळं गाव मला ओळखतं. कोणी नसेल अशा बर्फावर ने मला. तिथे जमलं तर जमलं. नाहीतर माझे स्केट्स चर्चच्या सेलमध्ये देऊन टाकू."

लग्न झाल्यापासूनचे सगळे हिवाळे दोघांनी बर्फावर काढले होते. तिने स्केट्स देऊन टाकले तर उरलेल्या हिवाळ्यांचं करायचं काय? समोरासमोर बसून कॉफी प्यायची आणि एप्रिलची वाट बघायची? तो घाबरला आणि घाबरल्यामुळे एकदम शब्द देऊन बसला. येत्या शनिवारी, रिकामा बर्फ, तू आणि मी, तिसरं चिटपाखरूसुद्धा नाही.

आणि रिकामा बर्फ त्याच्याकडे होता. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे, उंच भिंतीच्या आडोशाला एक तळं होतं. भिंतीमुळे वारा लागत नसे, म्हणून पाणी गोठताना त्यावर एक सुरकुती पडत नसे. आर्विड रोज दुपारी जाऊन तिथला बर्फ झाडायचा, भोक पाडून बादलीने पाणी काढायचा आणि ते पसरून नवा थर चढवायचा. घरी सांगायचा, हार्डवेअरच्या दुकानात जातोय. रोज जातोस तर आणतोस काय, असं कोणी विचारू नये म्हणून येताना खिळे आणायचा.

ड्वेनच्या त्या प्रश्नानंतर मात्र त्याने बंदोबस्त वाढवला. गाडी तळ्याजवळ नेणं बंद. ती दोन गल्ल्या अलीकडे लूथरन चर्चपाशी लावायची आणि खांद्यावर फावडं टाकून पायी जायचं. बर्फाळ गावात फावडं घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्याकडे कोण बघतंय, असा त्याचा हिशेब.

पहिल्याच दिवशी मिसेस शिमेकनी बघितलं. त्या कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहायच्या. सोबतीला एक आखूड पायांचा कुत्रा. दार उघडून त्यांनी हाक मारली, "अहो, फावडेवाले! देवासारखे आलात बघा. आमचा फुटपाथ तेवढा मोकळा करून द्याल? पाठ धरलीय माझी."

आता आपण फावडं घेऊन दुसरीकडे कुठे चाललोय हे सांगायची सोय नव्हती आणि मिनेसोटाचा माणूस बाईमाणसाला नाही म्हणू शकत नाही. आर्विडने फुटपाथ साफ केला. ते शेजारच्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाही केला. मग समोरच्यांचा. बुधवारपर्यंत अशी पाळी आली की तळ्यावर पोचेपर्यंत आर्विडच्या कमरेचा पार चुराडा झालेला असायचा, आणि अख्खी गल्ली त्याला हात हलवून ओळख द्यायची. याला तो गुप्तता म्हणत होता.

त्याच बुधवारी त्याला तळ्याकाठी ठसे दिसले. माणसाच्या बुटांचे आणि शेजारी कुत्र्याच्या पंजांचे. आर्विड गुडघ्यांवर बसला. ठसे काठाकाठाने गेले होते, एका जागी थांबले होते आणि परत फिरले होते.

"ड्वेन!" तो दात ओठ खात म्हणाला.

ड्वेनकडे कुत्रा नव्हता. पण आर्विडच्या मते हाच तर डाव होता. कुत्रा नसलेल्या माणसावर कुत्र्याच्या ठशांवरून कोण संशय घेणार? त्याने कोणाचा तरी कुत्रा उसना आणला असणार. आणि ड्वेनला कळलं म्हणजे संपलं. बोलघेवडेपणात ड्वेनचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. शनिवारपर्यंत तो चर्चमधल्या सगळ्या मंडळींना तळ्यावर आणून उभं करणार, मग लव्हॉन गाडीतून उतरणारसुद्धा नाही.

रात्रीच्या जेवणाला ड्वेन हजर होताच. आर्विडने सावधपणे विचारलं, "काय रे, कुत्रे आवडतात का तुला?"

"कुत्रे? शिंका येतात मला. का?"

"काही नाही. असंच." आर्विड मान हलवत राहिला. शिंकांचं हे नाटक त्याला फारच तयारीचं वाटलं.

"पण मी काय म्हणतो," ड्वेन म्हणाला, "तू रोज एवढे खिळे आणतोस, बांधतोयस तरी काय?"

"तेच मीही विचारणार होते," लव्हॉन म्हणाली. "गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही."

आर्विडने दाढ दुखायला लागल्याचं सोंग केलं आणि उठून थेट गॅरेजमध्येच गेला. तिथेच त्याला ती युक्ती सुचली. फळी होती, लाल रंग होता, खिळे तर होतेच. तासाभरात त्याने पाटी तयार केली: 'धोका! बर्फ पातळ आहे. पाऊल ठेवू नये.' मग जरा वजन यावं म्हणून खाली लिहिलं, 'आदेशावरून'. आदेश कोणाचा ते लिहिलं नाही, कारण ते खोटं बोलणं झालं असतं. त्याच रात्री गुपचूप जाऊन तो ती तळ्याकाठी रोवून आला.

आणि इथेच त्याचं चुकलं. इतकी वर्षं याच गावात काढून आर्विडला एवढं कळायला हवं होतं की सेंट पॉलचा माणूस बाकी कशालाही हसेल, पण पातळ बर्फाला नाही. दरवर्षी कोणाचा तरी ट्रक, कोणाचा तरी मेव्हणा तळ्यात जातो. तेव्हा अशी पाटी दिसली की माणूस नुसता मागे फिरत नाही. तो फोन करतो.

गुरुवारी आर्विड नेहमीचे फुटपाथ उरकून तळ्यावर पोचला तर तिथे महापालिकेचा नारिंगी ट्रक उभा. दोन माणसं ड्रिलने बर्फाला भोकं पाडत होती. त्याच्या बर्फाला! टोपी कानांवर ओढलेली एक ठेंगणी बाई हातातल्या पट्टीने जाडी मोजत होती. तिच्या कोटावर नाव होतं, येर वांग, उद्यान विभाग.

"अहो, हे काय चालवलंय?" आर्विड ओरडला.

"पुढे येऊ नका! पातळ बर्फाची पाटी आहे," येर वांग म्हणाली. मग पट्टीकडे बघून म्हणाली, "तसे या म्हणा. एक फुटाच्या वर आहे. ट्रक आणला तरी चालेल."

"मग भोकं कशाला पाडताय?"

"एका बाईंचा फोन आला. अधूनमधून कुत्र्याला घेऊन इथे फिरतात, काल रात्री उशिरा कधी नव्हे ती पाटी दिसली म्हणाल्या. एवढ्या थंडीत बर्फ पातळ झाला म्हणजे खाली गरम पाण्याचा पाइप फुटलेला असणार, अशी भीती आम्हाला. अर्धा विभाग जागा आहे काल रात्रीपासून." तिने पाटीकडे बोट दाखवलं. "ही पाटी आमची नाही. कोणी लावली, काही कल्पना?"

"छे! मी काही हातसुद्धा लावला नाही," आर्विड म्हणाला, आणि आयुष्यभर ऐकलेलं ते वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकून स्वतःच दचकला.

येर वांग गुडघ्यावर बसली आणि हातमोजा काढून बर्फावरून हात फिरवू लागली. "काय बर्फ आहे पण! कोणीतरी थर चढवलेत यावर. आमच्या रिंकवरची पोरं असं काम करतील तर शपथ. हा कडेचा भाग तेवढा ओबडधोबड राहिलाय."

"ओबडधोबड कुठाय?" आर्विडला राहवेना. "तिकडे लव्हाळी आहेत, पाणी खाली झिरपतं. तिथे आधी थोडा भुसभुशीत बर्फ दाबून बसवायचा, मग पाणी..." तो थांबला. ती त्याच्या फावड्याकडे बघत होती.

"तुम्ही इथे फावडं घेऊन कसे?"

"मी फुटपाथ साफ करतो लोकांचे."

"तळ्यात फुटपाथ?"

नशीब असं की त्याच वेळी मिसेस शिमेक कुत्र्याला घेऊन आल्या. "हेच ते!" त्या लांबूनच म्हणाल्या. "आमच्या गल्लीचे देवमाणूस! रोज येतात, पैसा घेत नाहीत. अहो मिस्टर टॉर्गर्सन, पाटीबद्दल मीच फोन केला हो. म्हटलं, हा भला माणूस रोज या बाजूला येतो, चुकून पाय पडला आणि आत गेला तर?"

आर्विडने त्यांच्या बुटांकडे बघितलं. मग कुत्र्याच्या पंजांकडे बघितलं. ड्वेनविषयी आपलं चुकलं असं त्याला वाटायला हवं होतं, पण तेवढ्यात येर वांग जे बोलली त्याने त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"या भागातला आमचा रिंक यंदा होणारच नाही, पंप बंद पडलाय. रोज शंभर लोक विचारतात, जायचं कुठे? ही जागा चांगली आहे. उद्याच जाहीर करून टाकते."

"नको!" आर्विड म्हणाला. "धोका आहे. मला तर पातळच वाटतोय." हे तो तळ्याच्या मधोमध उभा राहून म्हणत होता, आणि पटवून द्यायला म्हणून त्याने दोनदा पाय आपटला. बर्फ हूं की चूं करेना. येर वांगने सहकाऱ्यांना हाक मारली आणि ती पाटी उपटून ट्रकमध्ये टाकली.

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. "शनिवार-रविवार स्केटिंगला कुठे जाल?" निवेदक विचारत होता. "यंदाचा शहरातला सगळ्यात उत्तम नैसर्गिक बर्फ सापडलाय, जुन्या लाकडाच्या..." आर्विडने झडप घालून रेडिओ बंद केला.

"का बंद केलास?" लव्हॉनने विचारलं.

"डोकं दुखतंय."

"परवा दाढ दुखत होती." लव्हॉनने हातातला चमचा खाली ठेवला. "आर्विड, काय चाललंय तुझं? हार्डवेअरच्या दुकानात जातो म्हणतोस आणि आपली गाडी रोज चर्चपाशी उभी असते. मला तिघांनी सांगितलं."

"कोणी? कोणी तिघांनी? पाळत ठेवतात का लोक माझ्यावर?"

एवढ्यात बेल वाजली. दारात मिसेस शिमेक, ठेवणीतला कोट, ओठांना लाली आणि हातात खिमा आणि भाज्या ओव्हनमध्ये भाजून केलेला गरमगरम हॉटडिश, वर बटाट्याच्या गोळ्या ओळीने लावलेल्या.

"तुम्ही मिसेस टॉर्गर्सन ना? तुमच्या मिस्टरांनी माझ्यासाठी इतकं केलंय, इतकं केलंय! रोज दुपारी न चुकता येतात. या वयात काय ताकद आहे हो त्यांच्यात! म्हटलं, आपलं काहीतरी घेऊन जावं."

"रोज दुपारी," लव्हॉन म्हणाली.

"न चुकता!"

लव्हॉनने हॉटडिश घेतला, आभार मानले, दार लावलं आणि आर्विडकडे बघितलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत संशय हे खातं आर्विडकडे होतं. आज पहिल्यांदा ते दुसऱ्याकडे गेलं होतं आणि त्याला कळलं की हे अंगावर घ्यायला किती जड असतं.

"फुटपाथ," तो कसाबसा म्हणाला. "बर्फ. फावडं. उद्या कळेल तुला सगळं. उद्या शनिवार आहे."

"कळू दे," लव्हॉन म्हणाली. हॉटडिश मात्र तिने त्याला वाढला नाही.

शनिवारी आर्विड लव्हॉनला घेऊन उजाडता उजाडताच निघाला. रेडिओ सगळे थोडेच ऐकतात, आणि ऐकणारे दहाच्या आत थोडेच उठतात, या भरवशावर. वखारीच्या वळणावरच गाड्यांची रांग लागलेली दिसली. तळ्यावर गावच्या गाव लोटलं होतं. टोप्या, मफलर, ढकलगाड्या, आज्या, सगळं गोल गोल फिरत होतं. काठावर चर्चचं टेबल मांडलेलं, त्यावर गरम चॉकलेटची पिंपं, आणि टेबलामागे भोंगा हातात धरून ड्वेन.

"अरे, आर्विड! लव्हॉन!" भोंग्यातून आवाज आला. "तुम्हालाही कळलं का? रेडिओवर सांगितलं म्हणून मला कळलं! तुम्हाला सांगणारच होतो, पण आर्विडला यंदा बर्फ बरोबर वाटत नव्हता ना!"

आर्विडने गाडी बंद केली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्याने सगळं सांगून टाकलं. तळं, चर्चपाशी लावलेली गाडी, फुटपाथ, कुत्रा, पाटी, आदेश. "तुला रिकामा बर्फ द्यायचा होता गं. एक दिवस. तेवढंसुद्धा जमलं नाही मला. चल, घरी जाऊ."

लव्हॉन काचेतून बाहेर बघत होती. समोर एक लठ्ठ गृहस्थ धाडकन पडला. त्याला वळसा घालून चार जण गेले, एकानेही मान वळवली नाही. तो उठला, पुन्हा पडला, आणि स्वतःशीच हसला. पलीकडे दोन म्हाताऱ्या एकमेकींना धरून पडल्या आणि बसल्या जागीच गप्पा मारू लागल्या.

"स्केट्स दे माझे," लव्हॉन म्हणाली.

"पण लोक..."

"दे."

ती बर्फावर उतरली. पहिली दोन पावलं नवा गुडघा मिनतवाऱ्या करून घेत होता. तिसऱ्याला तिने तोल सावरला आणि चौथ्याला ती सरळ आपटली. पण शेजारून जाणारी एक बाई "लवकर उठा हं, खाली फार गार आहे" एवढंच म्हणून पुढे गेली आणि लव्हॉन बसल्या बसल्या खो खो हसायला लागली. आर्विड तिला उचलायला धावला. धावला म्हणजे त्याने स्केट्स अर्धेच बांधले होते. तो असा काही पडला की फिरत फिरत थेट चॉकलेटच्या टेबलाखाली गेला.

"उफ दा, बापरे! हा आमचा आर्विड!" भोंगा गरजला. तळ्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लव्हॉन सरकत आली. चांगली सफाईने आली, हे त्याने टेबलाखालूनही पाहिलं. तिने हात देऊन त्याला उठवलं, त्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला आणि त्याच्या हातात हात घालून गर्दीत शिरली. अर्धा फेरा झाल्यावर आर्विड हळूच म्हणाला, "पुढच्या शनिवारी दुसरं तळं शोधतो. अगदी रिकामं. या वेळी पाटी नाही लावणार."

"नको," लव्हॉन म्हणाली. "मी इथेच येणार."

"तूच म्हणालीस ना, कोणी बघायला नको?"

"म्हणाले. पण इथे कोणाला सवड आहे बघायला? रिकाम्या तळ्यावर बघणारा एकटा तू असतोस, आर्विड. मी पाय टाकायच्या आत तुझ्या तोंडावर दिसतं की आता ही पडणार. शंभर माणसांचं बघणं परवडलं, पण तुझं एकट्याचं नाही."

मिसेस शिमेक कुत्र्याला काखोटीला मारून त्यांच्या शेजारून निघून गेल्या, तरी आर्विडचं लक्ष गेलं नाही.

"मग मी बघू कुठे?" त्याने विचारलं.

"समोर."

त्याने समोर बघितलं. त्याच्या हातातून लव्हॉनचा हात सुटला, आणि मागे कुठेतरी स्केट्स घासल्याचा आवाज आला, लांब, गोल, गिरकी घेताना येतो तसा. वळून बघायची त्याला इतकी अनावर इच्छा झाली की मान दुखायला लागली. तो समोरच बघत राहिला.